गावाचा नकाशा गावानं काढायचा तर: गट नंबरापासून सौर प्रकल्पापर्यंत

बहुतेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर एक नकाशा रंगवलेला असतो. त्यात शाळा, देऊळ, पाण्याची टाकी, स्मशानभूमी सगळं असतं. फक्त मारुतीचं देऊळ पाझर तलावाएवढं मोठं असतं आणि दीड किलोमीटरवरची वस्ती टाकीला चिकटलेली असते. दुसरा नकाशा भूमी अभिलेखच्या दप्तरात असतो. तो मापात असतो, पण त्यात ना बोअर, ना वस्ती, ना विजेचा खांब. तिसरा आपल्या मोबाइलमध्ये असतो. त्यात पत्र्यांची छपरंसुद्धा मोजता येतात, पण कुठलं रान कुठल्या गटात ते कळत नाही. आणि चौथा म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात: ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं, मेंढरं कुठल्या वाटेनं येतात.

हे चार नकाशे एकावर एक बसवायचे, एवढंच या लेखाचं काम. ते जिथे जुळत नाहीत तिथेच गावाच्या नियोजनाचा खरा विषय सापडतो, असा माझा अनुभव आहे. ज्यांनी आजवर नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, एक अँड्रॉइड फोन आणि दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी एवढं भांडवल पुरतं.

आधी प्रश्न ठरवा

"गावाचं जीआयएस (म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडणं) करायचंय" हा प्रश्न नाही. त्यातून फार तर रंगीत फ्लेक्स निघतो, उद्घाटनाला फोटो निघतात आणि पुढच्या पावसाळ्यात तो फ्लेक्स कडब्यावर झाकायला जातो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'कुठे' यानं सुरू होईल. गायरानापैकी किती जागा सौर प्रकल्पाला देता येईल आणि चराईला किती उरेल? टँकर लागणाऱ्या वस्त्या आणि बारमाही विहिरी यांच्यात अंतर किती? कुठले पाणंद रस्ते नकाशावर आहेत पण जमिनीवर नांगरले गेलेत? एका वेळी एक प्रश्न घ्या. खाली मी गायरान, पाणी आणि सौर ऊर्जा हे धरून चाललोय, कारण सध्या गावोगाव हेच चाललंय.

पायरी १: कागद गोळा करा

महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांचा नकाशा दिसतो आणि एकेका गटाचा उतारा निघतो. अख्ख्या गावाचा मोठा गावनकाशा मात्र तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर नक्कल काढून घ्या. झेरॉक्स घेऊ नका, कागद ताणला जातो. सपाट स्कॅन करून घ्या. तलाठ्यांकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच) सातबारे आणि गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, पाहून घ्या. महसुली गाव आणि ग्रामपंचायत एकच समजू नका. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात आणि प्रत्येकाचा नकाशा वेगळा. कोकणात अजून बऱ्याच ठिकाणी गट नाहीत, सर्व्हे नंबर आणि हिस्से आहेत. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा येतो आणि सामाईक जमीन म्हटलं की कोमुनिदादचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, विषय निघतो.

जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण वाचा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गावनकाशांवर १ इंचाला २० साखळ्या असं असतं. ही साखळी ३३ फुटांची, म्हणजे १ इंचाला ६६० फूट. गुंठा याच साखळीचा: ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. सातबारा मात्र हेक्टर-आर बोलतो, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी. हे आकडे तोंडपाठ करा, ग्रामसभेत कॅल्क्युलेटर काढत बसलात तर कोणी ऐकत नाही.

पायरी २: शिवारफेरी, लॅपटॉप घरी ठेवून

नवशिके हमखास ही पायरी वगळतात. मीही वगळायचो.

पहिल्या दिवशी देवळासमोरच्या फरशीवर किंवा शाळेच्या मैदानात रांगोळीनं गाव काढायला सांगा. बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं काढायला सांगा. हे मुद्दाम. एका गावात पुरुषांनी आधी रस्ते काढले, मग देऊळ, मग सोसायटीचं गोदाम. बायकांनी सुरुवातच हापशापासून केली, मग जळण कुठून आणतो ते, आणि अंधारात ज्या वळणावर जायला नको वाटतं ती जागा कोळशानं काळी केली. रस्त्यावरच्या दिव्यांचा आराखडा करताना मला त्या कोळशाच्या ठिपक्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवेवरून चाला. सोबत एक गुराखी, एक म्हातारा शेतकरी आणि पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी असेल तर निम्मं काम झालं. फोनमध्ये क्यूफील्ड हे मोफत अॅप टाका. रेंज नसली तरी चालतं, आणि त्यात टिपलेले बिंदू नंतर सरळ लॅपटॉपवरच्या नकाशात येतात. विहिरी, बोअर, बंधारे, रोहित्रं (गावच्या भाषेत डीपी), वस्त्या, हद्दीचे दगड टिपत चला. मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक ३ ते ५ मीटर धरा, दाट झाडीत आणखी. म्हणजे विहीर दाखवायला फोन चालतो, बांध ठरवायला नाही. कोणी "जरा आमचा बांध बघा की मोबाइलवर" म्हटलं की हात जोडा. बांधासाठी भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), दुसरं काही नाही.

पायरी ३: क्यूजीआयएस, आणि माझा चार हेक्टरांचा घोटाळा

क्यूजीआयएस हे २००२ साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. पैसे लागत नाहीत. उतरवताना 'दीर्घकालीन' आवृत्ती घ्या, नव्यात नवी नको. क्विकमॅपसर्व्हिसेस आणि क्विकओएसएम ही दोन प्लगइन (जोडसाधनं) टाका: पहिल्यानं मागे उपग्रह चित्र येतं, दुसऱ्यानं ओपन स्ट्रीट मॅपवरचे रस्ते, नद्या आपल्या प्रकल्पात उतरतात. बाकी बटणं हळूहळू कळतात.

एक गोष्ट मात्र पहिल्या मिनिटाला करायची, ती म्हणजे निर्देशांक प्रणाली निवडणं. पृथ्वी गोल, कागद सपाट. कुठल्या पद्धतीनं सपाट केली ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला यूटीएम पट्टा ४३ लागतो, त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. रेखांश ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाला, पट्टा ४४, क्रमांक ३२६४४. यवतमाळ जिल्हा दोन्हींत पाय ठेवून आहे, तिथे आपलं गाव रेषेच्या कुठल्या बाजूला ते बघून घ्या. जाता जाता: याच ७८व्या रेखावृत्ताच्या आसपासनं दक्षिणोत्तर मोजणी नेणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. १८०२मध्ये मद्रासहून सुरू केलेलं काम करतच होता. त्याची कबर तिथेच आहे.

आता घोटाळा. मागे उपग्रह चित्र लावलं की प्रकल्प बऱ्याचदा आपोआप 'वेब मर्केटर' या प्रणालीत जातो, क्रमांक ३८५७. मोबाइलवरचे नकाशे याच प्रणालीत असतात. ती विषुववृत्तापासून दूर जाल तसं क्षेत्र फुगवून दाखवते: कोल्हापुरात सुमारे ९ टक्के, नागपुरात जवळपास १५. मला हे ठाऊक नव्हतं. मी त्याच प्रणालीत गायरान काढलं, सपाट क्षेत्रफळाचं सूत्र लावलं आणि ग्रामसभेत छातीठोकपणे सांगितलं, "३८ हेक्टर." सातबाऱ्यावर होतं ३४. मागच्या रांगेतले एक आजोबा काठी आपटत उठले. "मी म्हणत नव्हतो? कागदावरून चार हेक्टर गिळलं यांनी!" 'यांनी' म्हणजे कोणी हे प्रत्येकानं आपापल्या सोयीनं ठरवलं. दोन आठवड्यांनी चूक सापडली तेव्हा त्याच सभेत उभं राहून ती सांगावी लागली. गायरान चौतीसच होतं. आजोबांचा मात्र अजून विश्वास बसलेला नाही.

तेव्हा प्रकल्प, प्रत्येक थर (विहिरी, रस्ते, गट अशी एकेका गोष्टीची वेगळी पाटी) आणि बाहेर काढलेली फाइल, तिन्हींचा क्रमांक एकच आहे ना ते बघा. आणि एखाद्या गटाचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय आकडा बाहेर काढू नका.

पायरी ४: गावनकाशा जमिनीवर बसवणं

स्कॅन केलेला गावनकाशा म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी नुसतं चित्र. त्यातल्या ओळखीच्या जागा उपग्रह चित्रावरच्या त्याच जागांशी जुळवायच्या, की चित्र जागेवर बसतं. क्यूजीआयएसमध्ये यासाठी जिओरेफरन्सर आहे.

सगळा खेळ बिंदू कुठले निवडता यात आहे. झाड नको, रस्त्याची कड नको (रस्ते रुंद होतात, तेही एकाच बाजूनं), नदीचा काठ तर अजिबात नको. जुनी बांधीव विहीर उत्तम. गटांचा जिथे स्पष्ट कोन आहे आणि तिथला दगड अजून जागेवर आहे ती जागा उत्तम. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड सापडला तर सोनं. सहा ते आठ बिंदू घ्या आणि ते नकाशाच्या चारही टोकांना पसरवा. गावठाणात ओळखीच्या खुणा जास्त असतात म्हणून सगळे बिंदू तिथेच ठोकले तर मध्य बरोबर बसतो आणि शीव शेजारच्या गावात जाते.

मग सॉफ्टवेअर विचारतं, कोणत्या पद्धतीनं बसवू? 'पहिल्या घाताची बहुपदी' निवडा. यादीत 'थिन प्लेट स्प्लाइन' दिसेल, त्यात चूक शून्य दाखवते आणि नवशिक्याला मोह होतो. ती शून्य चूक खोटी आहे. ती पद्धत नकाशा रबरासारखा ओढून तुमच्या प्रत्येक बिंदूला चिकटवते, चुकीच्या बिंदूलासुद्धा. पहिल्या पद्धतीत एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांपेक्षा फार मोठी दिसली तर तो बिंदू तपासा: बहुतेक वेळा आपण शेजारची विहीर पकडलेली असते. कापडावर चिकटवलेल्या, घडी पडलेल्या जुन्या नकाशात ५ ते १० मीटर चूक राहिली तर नियोजनाला चालेल.

यापुढे गट एकेक करून रेखायचे. कंटाळवाणं काम आहे. शेजारच्या गटांची हद्द एकच राहावी म्हणून 'स्नॅपिंग' चालू ठेवा, नाहीतर बांधाबांधात फटी राहतात. शेपफाइलऐवजी जिओपॅकेज या प्रकारात साठवा. शेपफाइल म्हणजे चार-पाच फायलींचं बोचकं, त्यातली एक व्हॉट्सअॅपवर पाठवायची राहिली की समोरच्याकडे काही उघडत नाही. शिवाय रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं.

आता सातबाऱ्याची माहिती गटांना जोडायची. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: एक्सेलमध्ये गट १२/१ टाइप केलात की त्याची तारीख होते, बारा जानेवारी नाहीतर एक डिसेंबर. नकाशात १२/१ आहे, तक्त्यात तारीख, जोडणी शून्य. टाइप करायच्या आधीच त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून ठेवा. दुसरा: कार्यालयातून आलेली जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नकाशावर नावांऐवजी अगम्य मंत्र उमटतात. आणि पोटहिस्से सातबाऱ्यावर पडलेले असले तरी नकाशावर पडलेले असतीलच असं नाही. एका गटाच्या आकृतीत सात सातबारे निघाले तर घाबरू नका, आणि मनानं रेषाही मारू नका.

पायरी ५: वरून काय दिसतं

युरोपियन अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५पासून चित्रं काढतायत. जोडीनं ते साधारण दर ५ दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात, आणि कोपर्निकस ब्राउझरवर खातं उघडलं की चित्रं फुकट मिळतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर गुणिले १० मीटर. म्हणजे बरोबर सातबाऱ्यावरचा एक आर. मला हे जुळणं फार आवडतं, कारण गावाला ते एका वाक्यात सांगता येतं: एका आरात काय हिरवं आहे तेवढं दिसतं, त्याहून बारीक नाही.

जवळचा अवरक्त पट्टा (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) आणि लाल पट्टा यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागलं की हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. सेंटिनेलमध्ये हे पट्टे क्रमांक ८ आणि ४. पावसाळ्यात ढगांमुळे हाती फारसं लागत नाही. फेब्रुवारीचं चित्र घ्या. खरिपात सगळंच हिरवं, फेब्रुवारीत हिरवं तेच जिथे पाणी आहे. मागच्या चार-पाच फेब्रुवारींची चित्रं शेजारी ठेवली की कुठल्या वस्तीखाली पाणी टिकतं आणि कुठे ऊस एकेक करून सगळं हिरवं खातोय ते बोलायची गरज उरत नाही. इथे सावध राहा. हा नकाशा दाखवलात की ज्यांचा ऊस आहे ते पहिल्या रांगेत बसलेले असतात.

उतारासाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम (उंचीचा नकाशा) किंवा अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं फेब्रुवारी २०००मध्ये रडारनं मोजलेली उंची वापरा. दोन्हीचा ठिपका साधारण ३० मीटरचा, म्हणजे ९ आर. त्यावरून क्यूजीआयएस उतार, उताराची दिशा आणि ओढ्यांचं जाळं काढून देतं. माथा ते पायथा उपचार ठरवायला, म्हणजे वर सलग समतल चर कुठे आणि खाली बंधारा कुठे, ते पुरतं. पण ३० बाय ३०चं शेततळं त्यात एकच ठिपका असतं, आणि बांधबंदिस्ती दिसतच नाही. शिवाय २००० सालानंतर जेसीबीनं जे जे केलं ते त्या जुन्या मोजणीला माहीत नाही. म्हणून कागदावरचा ओढा आणि पावसात प्रत्यक्ष वाहणारं पाणी दोन्ही काढा. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद उपग्रहाच्या भरवशावर मांडलेला नाही. तिथे पर्जन्यमापक आणि विहिरींच्या पातळ्या प्रत्यक्ष मोजल्या जातात.

पायरी ६: ऊर्जा, आणि 'पडीक' या शब्दाचा तिढा

शेतीच्या पंपाला दिवसा वीज हवी. रात्रपाळीत पाणी धरायला जाणाऱ्याला विंचू, साप, बिबट्या यांचं गणित सांगावं लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत विजेच्या उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर (पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या) त्यावर चालवायचे, अशी कल्पना आहे. २०२३मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, तर प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे ३ वर्षं अनुदान, असं त्यात ठरलं. एका मेगावॉटला ढोबळ मानानं ४ ते ५ एकर लागतात.

नकाशावर हे असं करा. उपकेंद्रावर जाऊन बिंदू टिपा, नेटवरच्या नकाशांत ते बऱ्याचदा नसतंच. त्याभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढा (क्यूजीआयएसमध्ये 'बफर'). उताराच्या थरातून ५ अंशांच्या आतली जमीन वेगळी करा. उत्तरेकडे कललेला उतार गाळा, आपल्याकडे पॅनेलची तोंडं दक्षिणेला असतात. पश्चिमेला डोंगर असेल तर दुपारनंतर सावली किती लांब पडते ते हिवाळ्यात एकदा जागेवर उभं राहून पाहा. ओढे, तलाव, वन, गावठाण वजा करा. उरलेल्या तुकड्यांना गटाचा थर छेदा, आणि कुठल्या गटात किती हेक्टर ते तक्त्यात येतं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि तिथेच फसगत होते. कारण या गाळणीतून सगळ्यात चकचकीत कोण बाहेर पडतं? गायरान. सपाट, झाडं नाहीत, मालक एकच. उपग्रहाला ते रिकामं दिसतं. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांतही आपल्याकडची माळरानं वर्षानुवर्षं 'पडीक' या सदरात मोडत आलीत. पण दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट तळ, कुठे उतरतात? भूमिहीनाच्या दोन शेळ्या कुठे चरतात? पुणे-सोलापूरकडचे लांडगे कुठे राहतात? त्याच माळावर.

म्हणून गाळणी लावायच्या आधी, शिवारफेरीत टिपलेला एक वेगळा थर तयार ठेवा: जनावरांच्या वाटा, पाणवठे, वाडे उतरायच्या जागा, गवत कापायचा भाग, आणि हे सगळं कुठल्या महिन्यात. तो थर वजा केल्यावर एका गावात माझे सोळा हेक्टर सहावर आले. सहा हेक्टरात तीन मेगावॉट बसतात, आणि त्या फीडरची गरज तेवढीच होती. सोळा हेक्टर कोणी मागितलेच नव्हते, मीच उत्साहात दाखवले होते. अतिक्रमणांचा विषय निघणारच. जगपाल सिंग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला राज्यांना सांगितलंय, हे ग्रामसभेत कोणीतरी ऐकवतंच. तुमचा नकाशा त्या भांडणात पुरावा म्हणून वापरू देऊ नका, ती नोंद १-ई मध्ये आणि ती मोजणी सरकारी.

छपरांचं सोपं आहे. १ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर बिनसावलीचं छप्पर लागतं आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. घरोघर फिरून स्लॅब, पत्रा की कौल एवढं टिपा. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान मिळतं, तेव्हा स्लॅबवाल्या घरांची यादी नकाशातून काढली की किती घरं पात्र होतील त्याचा अंदाज येतो. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीनं २०२४मध्ये सगळं गाव सौर विजेवर आणलं, पण ती वाडी शंभरेक घरांची. तुमच्या गावात हजार घरं असतील तर आधी शाळा, दवाखाना आणि पाणीपुरवठ्याचा पंप घ्या.

पायरी ७: काय दाखवायचं, काय झाकायचं

स्वामित्व योजनेत २०२०पासून ड्रोननं गावठाणं मोजली जातायत आणि मिळकत पत्रिका मिळतायत. तुमच्या गावाचं काम झालं असेल तर घरांच्या हद्दी नव्यानं रेखू नका. उगाच दोन नकाशे, दोन मापं आणि एक भांडण.

घर सर्वेक्षणात जात, कर्ज, आजार असले रकाने कोणीतरी घुसडतंच. ते नकाशाच्या फायलीत ठेवू नका. ओपन स्ट्रीट मॅपवर रस्ते, शाळा, वाड्यांची नावं जरूर चढवा आणि नाव देवनागरीत लिहा, पण माणसांची नावं नाही. तिथे गूगलच्या चित्रावरून रेखाटन करायला परवानगी नसते, बिंग किंवा एस्रीचं चित्र चालतं. वनहक्काच्या गावांनी आणखी जपावं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला तो हद्दी आणि वापर कागदावर मांडल्यामुळे. पण मधाची झाडं, औषधी कंद, देवराई यांचे अचूक बिंदू नेटवर टाकायची काहीएक गरज नाही. ते गावाच्या लॅपटॉपमध्येच बरे.

पायरी ८: ग्रामसभेत न्या

प्रोजेक्टर नको. दिवे घालवले की माणसं पांगतात, आणि लाइट गेली की सभाच संपते. मोठ्यात मोठ्या कागदावर छापा, फ्लेक्सवर नको, कारण फ्लेक्सवर पेन्सिल उठत नाही. गट नंबर मोठे, शेतांची गावातली नावं त्याहून मोठी: चिंचेचा मळा, बामणाची पट्टी, उंबराचं रान. गट ११४ म्हटल्यावर कोणाला काही कळत नाही, "उंबराचं रान" म्हटलं की दहा बोटं एकदम नकाशावर येतात. उत्तर दिशेचा बाण काढा, पण नकाशा टेबलावर ठेवताना तो खऱ्या उत्तरेकडे फिरवून ठेवा. हे केल्यावर म्हातारी माणसं अर्ध्या मिनिटात आपलं घर शोधतात.

खालच्या कोपऱ्यात चार ओळी लिहा: तारीख, गावनकाशा कुठून घेतला, उपग्रह चित्र कुठल्या महिन्याचं, आणि "हा नकाशा नियोजनासाठी आहे, हद्दीच्या वादात धरू नये." सभा संपल्यावर नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि शेजारी खिळ्याला सुतळीनं पेन्सिल बांधा. महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन त्याचा फोटो काढून आणा. कोणी वाट खोडलेली असेल, कोणी बोअर वाढवलेलं असेल, एखाद्यानं शेजाऱ्याच्या नावावर काट मारलेली असेल. दुसरी आवृत्ती त्या फोटोवरून सुरू करायची, शेवटची खूण सोडून.